कै. चिमणाबाई ससाणे यांची फाईल

१

सोमवारी सकाळी मंडळाच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं आणि चिमणाबाई ससाणे नाहीशा झाल्याचं कळलं. म्हणजे त्यांची फाईल. बाई स्वतः १९४९ सालीच प्रभुवासी झाल्याची नोंद होती. मेलेल्या बाईला दुसऱ्यांदा नाहीसं करण्यात कुणाला काय रस असावा, हे मला कळेना.

कोल्हापुरात पेठेला एक तालीम आणि बोळाला एक तरुण मंडळ. आमचंही एक आहे, उदय ख्रिस्ती तरुण मंडळ. गणपतीऐवजी नाताळ आणि लेझीमऐवजी व्हॉलीबॉल, एवढाच फरक. भांडणं तीच. त्या वर्षी, म्हणजे १९९७ साली, मंडळाला पंचाहत्तर वर्षं होत होती आणि ईस्टरला स्मरणिका निघायची होती. मंडळाच्या प्रत्येक माजी सेक्रेटरीची एक फाईल असते: फोटो, बाप्तिस्म्याची तारीख, जीवनवृत्तांत, केलेली कामं. त्यावरून स्मरणिका बेतलेली. चिमणाबाई या मंडळाच्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव बाई सेक्रेटरी. नऊवारीचा काचा मारून त्या व्हॉलीबॉल खेळल्या आणि मुलींना मैदानावर घेऊन आल्या. मी लिझा पारगे, शाळेत पी.टी. शिकवते. त्या बाईंनी मैदान मोकळं केलं नसतं तर मी आज कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पापड लाटत असते. त्यामुळे ती फाईल गेल्यावर माझं डोकं फिरलं.

अध्यक्ष दिवाकर हिवाळे वकिलांचं डोकं मात्र ठिकाणावर होतं. ते नेहमीच असतं, म्हणून तर त्यांचा राग येतो.

"किल्ली एकट्या बाळासोकडे असते," ते म्हणाले. "कुलूप शाबूत आहे. आणि हे बघा."

कपाटाच्या डाव्या दारावर, अगदी वरच्या कोपऱ्यात, बोटांचे पांढरट डाग होते.

"चुना. ईस्टरच्या आधी कबरींना चुना मारायचं काम कुणाकडे? बाळासोकडे. फाईल रद्दीत गेली. विषय संपला."

बाळासो आमचा शिपाई. कंपाऊंडच्या मागच्या खोलीत त्याचा तीस वर्षांचा संसार. त्याची आई त्याच खोलीत गेली, त्याच्या पोरी त्याच खोलीतून नांदायला गेल्या. तो दारात उभा राहून टोपी चुरगाळत होता.

"वकीलसाहेब, आयच्यान सांगतो, म्या न्हाय हात लावला."

"रविवारपर्यंत फाईल आण. नाहीतर खोली रिकामी कर."

"रविवारपर्यंत ना?" मी मध्ये पडले. "मग रविवारपर्यंत ह्याला कुणी चोर म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याची गाठ माझ्याशी आहे."

हिवाळ्यांनी चष्मा पुसला. माझ्याशी बोलायचं टाळायचं असलं की ते चष्मा पुसतात.

२

बाळासोच्या खोलीत मी चहा घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात पोतं होतं. तोंड सोडून हात घातला. आत कळीचा चुना होता, दगडासारखा, सुका खडखडीत.

"हा भिजवला कधी?"

"कुठं भिजवलाय अजून? उद्या भिजवणार. आज काय मारायचा न्हाय, बाई, शनवारी मारायचा."

झालं! चुना अजून पोत्यात, आणि वकीलसाहेबांना तो कपाटावर दिसला. शिवाय बाळासो उंचीनं माझ्या खांद्याला लागतो. दाराच्या वरच्या कोपऱ्यात हात पोचवायला त्याला स्टूल लागलं असतं. पण ज्याला चोर ठरवायचंच असतं त्याची उंची कोण मोजतो?

"काल कोण आलं होतं ऑफिसात?"

"काल झावळ्यांचा रविवार. समदी माणसं झावळ्या घिऊन मिरवणुकीत. कंपाऊंडात चिटपाखरू न्हवतं. एक म्हातारा-म्हातारी तेवढी आलती. उनाचं आलती बिचारी. माठातलं पाणी दिलं, व्हरांड्यात बसा म्हटलं, आन् मी देवळाकडं घंटेला गेलो. आलो तर गेलती."

"हे वकिलांना सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं, चोर कोण आलता. ती कुठं चोर हुती?"

माणूस सरळ असला की असा आयता अडकतो.

तिथून मी स्नेहलकडे गेले. स्नेहल कॉलेजात शिकवते आणि स्मरणिकेची संपादक तीच. शुक्रवारी फाईल शेवटची तिनं हाताळली होती. मला बघताच ती रडायच्या बेतात आली.

"पारगेबाई, मी फाईल जागेवर ठेवली होती. फक्त फोटो धूसर होता, म्हणून मी पेपरात निवेदन दिलं. हे बघा कात्रण."

कात्रणात माजी सेक्रेटऱ्यांची नावं होती आणि कुणाकडे फोटो असल्यास पाठवावेत अशी विनंती होती. आम्ही लिहितो 'प्रभुवासी'. पेपरवाल्यांनी त्याचं सरसकट 'कै.' करून आमच्या सगळ्या सेक्रेटऱ्यांना कैलासाला पाठवलं होतं. मी हसले आणि कात्रण परत दिलं. तिथंच मी चुकले, पण ते नंतर.

"आणि चिमणाबाईंचं पान वकीलसाहेबांनी माझ्याकडून काढून घेतलं," स्नेहल खालच्या आवाजात म्हणाली. "म्हणाले, हे पान मी बघतो."

चिमणाबाईंच्या नंतरचे सेक्रेटरी म्हणजे योहान हिवाळे. दिवाकर वकिलांचे वडील. मुलींचे खेळ आपल्या वडिलांनीच सुरू केले, असं वकीलसाहेब प्रत्येक भाषणात सांगत आले होते. चिमणाबाईंची फाईल नसली म्हणजे तो दावा खोडणार कोण?

मी स्कूटरला लाथ मारली आणि तडक वकिलांच्या घरी निघाले.

३

"फाईल बाहेर काढा," मी दारातूनच म्हटलं.

हिवाळ्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. त्यांच्या पोटात काय शिजतंय ते सगळं मी ओरडून सांगितलं, शेजारच्या गॅलऱ्या भरेपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग आतून एक कागद आणून माझ्यापुढे धरला.

तो चिमणाबाईंच्या पानाचा छापखान्यातून आलेला नमुना होता. स्नेहलनं चिमणाबाईंना अर्धंच पान दिलं होतं, वकिलांनी ते अख्खं केलं होतं. वर फोटोसाठी चौकट, खाली लिहिलेलं: 'मुलींच्या खेळांचा पाया घालणाऱ्या'.

"भाषणात मी वडिलांचं नाव घेत आलो," ते म्हणाले. "फाईल वाचल्यावर कळलं की ते खरं नाही. म्हणून दुरुस्त केलं. आणखी काही आरोप?"

माझा चेहरा काय झाला असेल! माफी मागितली, आणि ती मला कडू लागली हेही सांगून टाकते.

"वडील त्यांच्याबद्दल बोलत नसत," वकील पुढे म्हणाले. "आईकडून ऐकलंय, त्यांच्यासाठीची प्रार्थना वडिलांनीच चालवली आणि घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत."

"दफन कुठं झालं?"

"बेळगावला. फाईलमध्ये आहे."

"कबर पाहिलीय कुणी?"

मला एकदम आठवलं. ईस्टरच्या पहाटे आम्ही स्मशानभूमीत उपासना करतो. साऱ्या दिवंगत सेक्रेटऱ्यांची नावं क्रमानं वाचली जातात आणि प्रत्येक नावाला आम्ही म्हणतो, 'प्रभूमध्ये विसावा'. आदल्या दिवशी मंडळ त्यांच्या कबरींना चुना मारतं. ज्यांच्या कबरी मिरजेला, सांगलीला आहेत, तिथंही चुन्याची बादली जाते. आमच्यात माणूस विसरला तरी चालेल, कबर काळी राहिलेली चालत नाही.

"बेळगावला आजवर कोण गेलं चुना मारायला?"

"कुणीच नाही," हिवाळे सावकाश म्हणाले.

मेलेली बाई, आणि तिला कबर नाही.

४

मी परत ऑफिसात आले आणि कपाटावरचा डाग बोटानं पुसला. चुन्याचा हात वाळला की लोखंडाला चिकटून बसतो, नखानं खरवडावा लागतो. हा भुगा अलगद बोटावर आला. मऊ, राखाडी. कोल्हापुरात राहून ज्याला ही राख ओळखता येत नाही त्यानं गाव सोडावं. आमच्या गल्लीतले निम्मे दुकानदार रोज सकाळी तीन बोटांनी ती कपाळाला लावतात. विभूती होती ती.

"बाळासो, तो म्हातारा कसा होता?"

"उंच. ताडमाड. डोक्याला पटका. कपाळ घामानं पांढरं फटक झालतं, सारखं पुसत हुता."

आता राहिलं कुलूप. त्यासाठी मी आण्णांकडे गेले. आण्णा मंडळाचे सगळ्यात जुने सभासद, पंच्याऐंशीचे, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत.

"आण्णा, ते कपाट किल्लीशिवाय उघडतं का हो?"

म्हातारा हसला. "त्याला किल्ली कवा लागली? डावं दार वरनं धरून उचलायचं आन् खालनं लाथ हाणायची. एकट्याला जमत न्हाय. एकानं उचलायचं, एकानं हाणायचं. उचलायला आम्ही, लाथ हाणायला चिमणा. तिचीच युक्ती ती."

"ही युक्ती आता कुणाला माहीत आहे?"

"मला. बाकीचं समदं गेलं."

"चिमणाबाई कशानं गेल्या?"

"तापानं. लिवलंय की फायलीत."

"तुम्ही पाहिलंत?"

"लिवलंय म्हटलं न्हवं!" आण्णा खेकसले. "मेली म्हंजे मेली!"

मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि बोट पुढे केलं. "आण्णा, रविवारी कुणीतरी विभूती लावलेल्या माणसानं ते दार वरून उचललं आणि कुणीतरी खालून लाथ मारली. मेलेलं माणूस लाथ मारतं का?"

आण्णांनी माझ्या बोटाकडे पाहिलं.

"चन्नाप्पा," ते शेवटी म्हणाले. "गडहिंग्लजचा. गुळाचा व्यापारी, लिंगायत. तिनं त्याच्याशी लगीन केलं. हितं मिटिंग बसली. योहान हिवाळे म्हणाला, आजपास्नं ती आपल्याला मेली. प्रार्थना केली. फायलीवर तसं लिवलं, बेळगावचं नाव घातलं, सह्या केल्या. माझीबी हाय."

"आणि मग?"

"मग काय? आमच्यासाठी ते रागाचं बोलणं हुतं, पोरी. पुढची पिढी आली, तिनं फाईल वाचली आन् बाई खरंच मेली धरली. ईस्टरला नाव वाचाय लागली. आता मधीच उठून सांगायचं कुणी?"

रागाच्या भरात एका माणसाला मारलं आणि लाजेपायी अठ्ठेचाळीस वर्षं मेलेलंच ठेवलं! मी आण्णांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. वयानं मोठे आहेत.

५

गुरुवारी शाळेला दांडी मारून मी गडहिंग्लजची एस.टी. पकडली. बाजारपेठेत चन्नाप्पांचं गुळाचं दुकान कुणीही दाखवलं असतं. गादीवर ताडमाड म्हातारा बसला होता, कपाळावर तीन पांढरे पट्टे. कोल्हापूरच्या मंडळाकडून आले, मी म्हटलं.

"बर्री, बर्री, या की," तो म्हणाला आणि आत हाक मारली. "आलं बघ कोल्हापूरचं पावणं!"

आतल्या सोप्यात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मंडळाचा कुणी बाप्या येईल वाटलं हुतं. तू कोण?"

"पी.टी.ची बाई आहे. मुलींना व्हॉलीबॉल शिकवते."

हातातली शेंग तशीच राहिली. "अजून खेळत्यात पोरी तितं?"

"जिल्ह्यात पहिल्या येतात."

तिनं मान फिरवली आणि पदरानं डोळे पुसले. मीही पुसले. लपवायचं काय त्यात?

मग चहा आला आणि बाई बोलत्या झाल्या. बाईमाणसानं 'मी गेलतो, मी आलो' म्हणणं ही आमच्या कोल्हापूरची मिरास. इतकी वर्षं कानडी घरात काढूनही त्यांच्या जिभेवरून ती गेली नव्हती.

"पेपर वाचत हुतो. बघतो तर 'कै. चिमणाबाई ससाणे'. म्हटलं, अगं बया! मला टाकलं एवढं ठाऊक हुतं. मारलं, हे न्हवतं ठाऊक."

स्नेहलचं ते कात्रण मी हसून परत दिलं होतं, तिथंच चुकले होते.

"मी इचारलं हिला," चन्नाप्पा दारातून म्हणाले, "कैलास आमचा, आन् मला सोडून एकटीच गेलीस व्हय?"

"चोरायला न्हाय गेलतो," बाई म्हणाल्या. "काय लिवलंय ते वाचायला गेलतो. कुणी भेटंना. कपाट तेच. ह्यांनी दार उचललं, मी लाथ हाणली. अजून उघडतंय! फाईल वाचली, तर लिवलंय काय? सालस. विनम्र. आज्ञाधारक भगिनी. मी! आज्ञाधारक! अगं, मला जिती हाकलली आन् मेल्यावर गरीब गाय केली. असा राग आला, फाईल पिशवीत घातली आन् दार लावून घरला आलो."

"बाई, तिथं त्याला चोरी म्हणतायत."

"माझं आयुष्य मी घरला आणलं. चोरी कसली?"

"त्या चोरीपायी बाळासोला खोलीतून काढणार आहेत. रविवारी."

"बाळासो कोण?"

"ज्यानं तुम्हाला पाणी दिलं."

बाईंच्या चेहऱ्यावरचा सगळा ताठा एकदम उतरला. "त्या बाबाला? माझ्यापायी?"

"दोन ओळी लिहून द्या. फाईल मी नेली, म्हणून. मी वकिलांना दाखवते."

"लिवून देऊ?" त्या उठून उभ्या राहिल्या. सत्त्याहत्तराव्या वर्षी ती बाई जमिनीला हात न टेकता उठली. "कागदानंच मारलं मला. कागदावर माझा इस्वास न्हाय. मी सवता येतो की!"

"पण तुम्हाला तिथं..."

"काय करतील? मारतील?"

चन्नाप्पा हसून हसून खोकायला लागले.

६

शनिवारी दोघं माझ्या घरी मुक्कामाला आली. मी कुणालाही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कमिटी बसली असती, आणि आमची कमिटी एकदा बसली की उठत नाही.

ईस्टरच्या पहाटे स्मशानभूमीत सगळे जमले. चुना मारलेल्या कबरींवर मेणबत्त्या लावलेल्या. बाळासो फाटकापाशी उभा होता. त्याच्या खोलीतली भांडी आदल्या संध्याकाळीच पोत्यात भरलेली मी पाहिली होती. चिमणाबाई डोक्यावर पदर घेऊन माझ्याशेजारी बसल्या होत्या. नातेवाईक समजून कुणी विचारलंही नाही. चन्नाप्पा मागं भिंतीला टेकून होते.

गीत झालं, प्रार्थना झाली. हिवाळे वकील नावं वाचायला लागले. प्रत्येक नावामागून आमचा आवाज उठत होता. 'प्रभूमध्ये विसावा.'

"चिमणाबाई ससाणे," वकिलांनी वाचलं.

"हाय की!"

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर खांद्यावर घेतला. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी किंकाळी फोडली. आण्णांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"वरडताय कशाला?" चिमणाबाई म्हणाल्या. "ईस्टर हाय न्हवं? दरवर्साला सांगताय, मेलेलं उठतंय म्हणून. एक उठलं तर घाबरला व्हय?"

हिवाळ्यांनी कागदावरचं नाव पुन्हा एकदा पाहिलं. "आपण... फाईलमध्ये तर..."

"फायलीत तुमच्या बापानं लिवलं. तुमचा त्यात दोष न्हाय. फाईल मी नेली. कुलूप न मोडता नेली, कशी ते आण्णाला इचारा. त्या बाळासोनं मला पाणी दिलं, बाकी कायबी केलं न्हाय. त्याला खोलीबाहेर काढायचं असंल तर आदी मला काढा." त्या थांबल्या. "मला एकदा काढून बघितलंय तुमी."

हिवाळे वकील माणूस. शब्दांवर पोट भरणारा. पण ते बोलायला थांबले नाहीत. ते सरळ फाटकापर्यंत चालत गेले आणि सगळ्यांदेखत त्यांनी बाळासोसमोर हात जोडले. बाळासो रडायला लागला. त्या क्षणी मला त्या माणसाचा राग आला नाही, हे मी कबूल करते.

परत आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आणि ती फाईल, बाई? मंडळाची ठेव आहे ती."

"मेल्यावर या न्यायला," चिमणाबाई म्हणाल्या. "तवर त्यातलं आज्ञाधारक खोडून ठेवतो. आता वाचा की पुढचं. थांबलाय का?"

वकिलांनी कागद वर उचलला. पुढचं नाव क्रमानं त्यांच्या वडिलांचंच होतं. ज्यांनी ती प्रार्थना चालवली, ज्यांची पहिली सही, त्या माणसाचं नाव आता या बाईसमोर वाचायचं होतं.

"योहान हिवाळे," ते म्हणाले.

सगळे चिमणाबाईंकडे बघत होते. त्या योहानच्या पांढऱ्याशुभ्र कबरीकडे बघत ताठ उभ्या होत्या. मग मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावं एवढ्या मोठ्या आवाजात त्या एकट्याच म्हणाल्या, "प्रभूमध्ये विसावा."

आणि त्यांच्यामागून आम्ही सगळ्यांनी म्हटलं.